अमेरिकेच्या फळीसाठी माझा मेहुणा

मेडशीजवळचा तांडा, जिल्हा अकोला
धुळवडीनंतरचा पाचवा दिवस, १९५५

प्रिय मित्र बाबूलाल,

मोहनसिंग मास्तराचा तुला जय जिनेंद्र. शिरपूरला तुझे आई-वडील खुशाल आहेत, मागच्याच महिन्यात भेटून आलो. तुझ्या आईला एकच घोर, तिकडं अमेरिकेत कांदा-लसूण न घातलेलं काही मिळतं की नाही. मी म्हणालो, काकू, बाबूलाल सरकी काढायच्या यंत्राचं शिक्षण घेतो आहे, कोरडा पाव तरी कुठं जात नाही. (त्यावर त्या रडल्या. लोकांची समजूत काढणं हा माझा प्रांत नव्हे.) इकडं मी, हिरीबाई आणि आमचं चार महिन्यांचं बाळ मजेत आहोत. मजेत हा शब्द मी पालथा पडून लिहितो आहे, त्याचं कारण पुढं येईल.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या गावातल्या त्या पगारी फुटबॉलवाल्यांची हकिगत वाचून थक्क झालो. फुटबॉल म्हणायचं आणि हातानं फेकायचा! मागं एक फेकणारा, त्याच्यापुढं पाच धिप्पाड गड्यांची फळी. त्या पाचांनी चेंडूला हात लावायचा नाही, फक्त अंगावर येणाऱ्यांना अडवायचं. पेपरात फोटो फेकणाऱ्याचा, या पाचांचं नावसुद्धा नाही. आणि असे चांगले गडी तिकडं मिळेनासे झालेत, एक जाडा आहे पण ढकलला की सरकतो, दुसरा सरकत नाही पण वेळेवर उठतही नाही, त्यामुळं फेकणारा दर रविवारी भुईसपाट होतो, असं तू लिहिलंस. शेवटी लिहिलंस, ‘आपल्याकडचा एखादा असता तर!’ तू गमतीनं लिहिलं असशील. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि ओसरीवर नजर टाकली. तिथं अमरसिंग बसला होता.

अमरसिंग म्हणजे हिरीबाईचा धाकटा भाऊ. दोन वर्षांमागं दिवाळीला बहिणीला भेटायला आला, ती त्याची दिवाळी अजून चालू आहे. जेवायला बसला की हिरीबाईला दुसऱ्यांदा पीठ मळावं लागतं. जेवला की दारात बसतो, आणि तो दारात बसला की घरात उजेड येत नाही. स्वभाव गरीब, पण जागा फार लागते. तुझं पत्र आल्यावर मागच्या महिन्यात मी त्याला घेऊन शिरपूरला गेलो आणि तुझ्या वडिलांच्या दुकानात कापसाच्या काट्यावर चढवला. तीन मण चार शेर भरला. (काकांनी सवयीनं पोत्याच्या वजनाचा दोन शेर कडता कापून तीन मण दोन शेर पुकारला. मी हरकत घेतली. माणसात बारदान नसतं.)

नुसत्या वजनावर माल पाठवणं बरं नव्हे, म्हणून परीक्षा घ्यायची ठरवली. तू शिरपूरचा, आमची धुळवड तुला ठाऊक नसेल. ज्या घरी मुलगा झाला त्याच्या पहिल्या होळीला खुंट रोवून त्याला गोडधोडाचं भांडं बांधतात. तांड्यातल्या बाया हातात काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात आणि पुरुषांनी मार खात खात ते भांडं पळवायचं असतं. यंदा मुलगा माझाच. भांडं आलं नाही तर पुढची होळी येईपर्यंत पाणवठ्यावर माझ्या नावानं हसं होणार, आणि मी पडलो मास्तर, मला रोज त्याच वाटेनं शाळेत जावं लागतं.

शाळेच्या फळ्यावर मी तुझ्या पत्राबरहुकूम आकृती काढली. पाच फुल्या पुढं, एक गोल मागं. मधली फुली अमरसिंग, गोल अर्थात मी. फळीतल्या रूपला आणि लालसिंगनं विचारलं, आमी भांडं घ्याचं का नाई? मी सांगितलं, हात लावायचा नाही, अमेरिकेत लावत नाहीत. ते हिरमुसले, पण अमेरिका म्हटल्यावर तयार झाले.

धुळवडीला आमची फळी निघाली. काय सांगू बाबूलाल! काठ्या अमरसिंगवर पडत होत्या आणि तो खुंटाकडं असा चालला होता, जणू बाजाराला निघालाय. बाकीचे चौघं केव्हाच पसार झाले. भांडं हातभर राहिलं. तेवढ्यात बाळाला आजीकडं देऊन हिरीबाई समोर आली.

“अमऱ्या, सरक तिकडं.”

“बाई, भाऊजी हायेत माह्या मांगं.”

“मले दिसून राह्यले ना. त्याइच्यासाठीच आली मी. सरक!”

आणि तीन मण चार शेर सरकला रे! लहानपणापासून ती सरक म्हणाली की तो सरकतो. पुढं मी एकट्यानं, केवळ चपळाईनं, भांडं आणलं, हे तांडाभर सर्वांना माहीत आहे.

तेव्हा अमरसिंगची शिफारस मनापासून करतो. एकच अट, समोरच्या संघात त्याची बहीण नाही याची आधी खात्री करून घे. त्याला बोलावण्याची व्यवस्था होईल तितकी लवकर कर.

तुझा,
मोहनसिंग

ता.क. जहाजाला किती दिवस लागतात ते त्याला कळवू नकोस. शिदोरी पहिल्याच दिवशी संपवील.

ता.क. दुसरा. हिरीबाईनं पत्र वाचलं. (प्रौढांच्या वर्गात मीच तिला वाचायला शिकवलं, कुणाला दोष देऊ?) म्हणाली, “माह्या भावाले कायले धाडता? तुमीच जा. आन् जे लिवलं नाई ते लिवा आंधी.”

ता.क. तिसरा. लिहितो. अमरसिंग सरकला तसा मी कमरेत बसलेल्या पहिल्याच काठीला आडवा झालो. माझी चपळाई तिथंच संपली. मग तो परत आला, दोन्ही हात आणि गुडघे टेकून माझ्यावर खाटेसारखा उभा राहिला आणि उरलेला सगळा मार त्यानं पाठीवर घेतला. बायांचे हात दुखले, मग त्या हसायला लागल्या. तेव्हा त्यानं एक हात लांबवून भांडं ओढलं आणि माझ्या हातात दिलं. “धरा भाऊजी, पोराचं हाय.” बायांनी पाहिलं ते पाहिलं, पण पाच दिवस झाले, भांडं कुणी आणलं हे त्यानं स्वतः कुणालाही सांगितलेलं नाही. मला लाज वाटते आहे, बाबूलाल.

म्हणून त्याला बोलावू नकोस. गडी गुंतलेला आहे म्हणून सांग. त्याऐवजी तू लिहिलंस ती, खेळणारे घालतात तसली टणक टोपी आणि खांद्यांवरचं चिलखत पाठव. पुढच्या धुळवडीला तो पुन्हा कुणापुढं तरी उभा राहीलच. माप म्हणून सुतळी जोडली आहे, पहिली गाठ डोक्याची, दुसरी खांद्याची. सुतळी कमी पडली म्हणून मध्ये हिरीबाईचा केसांत बांधायचा गोफ जोडला आहे.

तुमच्या पेपरात पुढं उभं राहणाऱ्यांचं नाव येत नाही, म्हणून इथं पुन्हा लिहितो. अमरसिंग. आत्ता तो दारात बसला आहे आणि मला अक्षर दिसत नाही, तेव्हा पुरे करतो.