न फिरलेली घुंडी

रविवार, संध्याकाळ. मोखाडा.

घुंडी फिरत नव्हती आणि मला ते दिसत होतं, हेच डोक्यातून जात नाही!

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात रोल भरला तो पोशेरा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये, मांडीवर कुणाची तरी कोंबडी सांभाळत. धूळ नको म्हणून झाकण घाईत लावलं. रोल पुढे सरकवायचा दांडा ओढला की डावीकडची घुंडी फिरते, म्हणजे रोल पकडला. नाही फिरली. म्हटलं, जुनी आहे, चालायचंच.

ऑफिसातल्या रामाच्या पोशेऱ्यातल्या आजीचा आधारकार्डाशिवाय एकही फोटो नाही. बिचारी नवं लुगडं नेसून तासभर ओट्यावर ताठ बसली. छत्तीसच्या रोलात माझे चाळीस फोटो झाले, आणि मी वर खूश! घरी झाकण उघडलं, तर रोलाचं टोक खाचेत अडकलेलंच नव्हतं. एकही फोटो आला नाही.

लाजत रामाला फोन लावला. मागून आजीचं हसू ऐकू आलं. "बरा झाला! मना हसायचा होता, तू सारखा 'हलू नको, हलू नको'."

रोल कोराच आहे, पुढच्या रविवारी पुन्हा जातो. पण कमाल माझी. फिरायला हवी ती घुंडी फिरली नाही तरी चाललं, आणि आजीला मात्र तासभर हलू दिलं नाही.