सालीवरचं माप

सोमवार, ४ ऑगस्ट
आज बैठकीत कडाडले! भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, वाढवलेल्या स्फटिकात जड हायड्रोजन — ड्युटेरियम — कमी निघालं. हवं अठ्ठ्याण्णव टक्के. सकाळी त्याच्या कापलेल्या चकतीवर लेसर टाकला, तर रामन वर्णपटातलं शिखर एक्क्याण्णवच सांगतंय! म्हणजे स्फटिक वाढवायच्या जड पाण्याच्या टाकीत हवेची ओल शिरली. झाकण उघडं राहिलं. टाकी कुणाच्या ताब्यात? भाऊजींच्या.
"न्यायाला सोयरे नसतात!" मी टेबलावर हात आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या — बैठकीत! साहेब म्हणाले, असं असेल तर यांना ठेवता येणार नाही. भाऊजी नखं बघत बसले होते.

मंगळवार, ५ ऑगस्ट
ताईचा फोन. "चार माणसं दिसली की तुला रक्ताचं माणूस दिसत नाही गं!" मी म्हटलं, सत्य ते सत्य. "हो, आणि ते तुझ्याच घरी पाणी भरतं!" फोन आपटला.

गुरुवार, ७ ऑगस्ट
आरोप पक्का करायला पुन्हा मापलं. या वेळी लेसर चकतीच्या आत, खोलवर रोखला.
अठ्ठ्याण्णव.
पुन्हा. अठ्ठ्याण्णव!
मग आठवलं. व्याख्यानांना बाहेरगावी निघताना ही चकती मी टेबलावर तशीच टाकून गेले होते. डबीत ठेवायची असते, हे मीच सगळ्यांना शिकवते! आठवडाभर दमट हवा खात पडली. सालीतलं, वरच्या पातळ थरातलं, ड्युटेरियम गेलं, साधा हायड्रोजन येऊन बसला. आणि परतल्यावर मी घाईघाईत मापलं ते नेमकं सालीवर. टाकीचा काही दोष नाही. भाऊजींचा तर नाहीच.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
साहेबांच्या दारापर्यंत गेले. परत आले. भरसभेत न अडखळणारी मी! एवढे ग्रंथ पचवले, "माझं चुकलं" हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत.

सोमवार, ११ ऑगस्ट
सांगितलं. वर्णपट पुढे ठेवले. साहेब हसले. "किती मोठं मन तुमचं, बाई! मेव्हण्यासाठी स्वतःवर घेताय."
"अहो, आकडे बघा!"
"तेही तुमचे, हेही तुमचे. रागातले खरे, मायेतले नव्हेत."
भांडले. अखेर साहेब चकती बाहेरच्या प्रयोगशाळेत मापून घ्यायला तयार झाले. पण त्या दिवसाइतका माझा आवाज चढलाच नाही. खोट्याला कसा चढला होता!

मंगळवार, १२ ऑगस्ट
ताईकडे गेले. भाऊजींचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी हात धरून उठवलं. म्हणाले, "मेव्हणीबाई, मला वाचवायला खोटं बोलू नका. तुम्ही बैठकीत बोलत होतात तेव्हाच मला सगळं डोळ्यांपुढे दिसलं — झाकण मीच उघडं टाकलं होतं. आज राजीनामा देऊन आलो."