सुईखालची भिंत

शनिवार, ४ ऑक्टोबर

आलो एकदाचा स्वतःच्या घरात! भाड्याचं का असेना, दार लावलं की आत फक्त मी आणि माझ्या रेकॉर्डी. द्रोणागिरीतली नवी कोरी इमारत, सातवा मजला, निम्मे फ्लॅट अजून रिकामे. न्हावा शेव्याच्या एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं बघायची नोकरी लागली आहे. पहाटे जायचं आणि दुपारी मोकळं व्हायचं. खिडकीतून ट्रकांची रांग दिसते, तिच्यापलीकडे खाडीचा चिखल. मला दोन्ही आवडलं.

इतकी वर्षं कोपरखैरण्याला चारुलताताईकडे होतो. भाऊजींनी माझ्या कपाटाला अडगळ म्हणायचं आणि मी हसायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. आज मी टेम्पोत मागे खोक्यांजवळ बसून आलो. रेकॉर्ड आडवी रचली की स्वतःच्याच भाराने वाकते, म्हणून खोकी उभीच राहिली पाहिजेत. ताई म्हणाली, ऋषी, तुझं लग्न झालं नाही तेच बरं, बायकोला तू आडवीच आणली असतीस.

माझ्याकडे सगळं जॅझ आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं वाजवणं, मूळ टेपवरून नव्याने कोरून जाड तबकडीवर काढलेलं. अशा प्रती थोड्याच निघतात, संपल्या की संपल्या. निम्म्या तर मी अजून फोडलेल्याही नाहीत, त्या प्लॅस्टिकमध्ये तशाच आहेत. सावलीची खोली त्यांना दिली आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकली. खोलीत ओलावा ओढणारं यंत्र दिवसरात्र चालणार. इथली खारी हवा पुठ्ठ्याला बुरशी आणते.

या खोलीची एक भिंत शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून आहे. शेजारी निखिल, बंदरात क्रेनवर रात्रपाळी करतो. आपणहून खोकी उचलायला आला आणि सांगितलं तशी उभी धरून आणली. त्याची बायको सोनम दारातूनच हसली. शेजार चांगला मिळाला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा निवांत ऐकायला बसलो. चांगल्या रेकॉर्डची परीक्षा वाजण्यात नसते, दोन सुरांमधल्या शांततेत असते. तिथे काहीही ऐकू येता कामा नये. माझ्या प्रतीत पियानो थांबला आणि त्या शांततेत धप्प असा आवाज आला. मग पुन्हा एक.

एवढी महागाची प्रत, आणि दाबतानाच बिघडलेली? सुई उचलली. रेकॉर्ड धुतली, मऊ ब्रशने खाचा साफ केल्या, वाळवली, पुन्हा लावली. धप्प. दुसरी लावली, तिच्यातही तेच. जेवणावरची वासनाच गेली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सापडलं! रेकॉर्ड फिरू न देता सुई नुसती तिच्यावर टेकवून ठेवली आणि आवाज वाढवला. तबकडी जागची हलत नव्हती तरी धप्प ऐकू आलं. म्हणजे दोष रेकॉर्डचा नाही. पलीकडे कोणीतरी आदळआपट करतं, हादरा भिंतीतून तिला ठोकलेल्या प्लेयरच्या रॅकमध्ये येतो आणि सुई तो उचलते. माझी रेकॉर्ड निर्दोष आहे! इतका आनंद झाला की एकटाच टाळ्या वाजवल्या.

मात्र हादरा आला की मी लगेच सुई उचलतो, खाच खराब व्हायला नको. त्यामुळे एकही बाजू धड पुरी होत नाही. लिफ्टमध्ये निखिल भेटला तेव्हा हसत हसत विषय काढला. तोही हसला. म्हणाला, सोनमच्या हातून वस्तू पडतात हो, वेंधळी आहे, सांगतो तिला. समजूतदार माणूस.

त्यानंतर चार वाजता मोठा हादरा आला. मी सुई उचलली.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडव्याचा फराळ घेऊन सोनम आली. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. बशी हातात दिली तरी दारातून हलेना. मग खाली बघत म्हणाली, “मी भिंतीवर हात मारला की तुमचं गाणं बंद होतं. म्हणजे तुम्हाला ऐकू येतं ना?”

मी ओशाळलो. बिचारीला वाटलं असणार, आपल्यामुळे शेजाऱ्याला त्रास होतो. मी म्हटलं, “टेन्शन घेऊ नका हो वहिनी. आठवड्याभरात असा बंदोबस्त करतो की इकडे काहीसुद्धा ऐकू येणार नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बशी परत न घेताच गेली. चकल्या खुसखुशीत होत्या.

रविवार, २६ ऑक्टोबर

बंदोबस्त झाला. रॅक भिंतीपासून सोडवला. खाली जाड रबर, त्यावर कडाप्पा, त्यावर पुन्हा रबर, आणि मग प्लेयर. भिंतीला पूर्ण उंचीचा फोम चिकटवून घेतला. सगळा पगार गेला, जाऊ दे. दुपारभर ऐकत बसलो. पियानो थांबतो आणि खरोखर काही म्हणजे काही येत नाही. आयुष्यात इतकी स्वच्छ शांतता ऐकली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सोनम गेली.

कामावरून येऊन ऐकत बसलो होतो. बाजू संपल्यावर खालचा गलका कानी आला. अँब्युलन्स होती. निखिल पार्किंगमध्ये उकिडवा बसून रडत होता. बाथरूममध्ये घसरली, डोक्याचा मागचा भाग नळावर आपटला म्हणे. संध्याकाळी एक हवालदार सगळ्यांना विचारत फिरला. “तुमी बाजूलाच राहता, दुपारी काय आवाज-बिवाज?” मी म्हटलं, काहीच नाही. त्याने फोमकडे बघून मान हलवली. मी खोटं बोललो नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

सगुणाबाई दोन्ही घरी भांड्याला येते, जवळच्याच गावातली. आज भांडी घासता घासता मध्येच थांबली आणि हुंदके द्यायला लागली. म्हणाली, “ती बाय मार खाताना भित्तीला हात मारायची. मी इचारला, कोनाला बोलवतेस गं? ती बोल्ली, पल्याड गान्यावाला हाय, तो ऐकतो.”

मी तिला म्हटलं, मग तू का नाही सांगितलंस कोणाला? ती म्हणाली, माझं काम गेलं असतं. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी तं ऐकत होता ना?”

मला लाज वाटते. वाटते हा शब्दही थिटा आहे. ती हाक मारत होती आणि मी रबर मोजत होतो.

डोकं ठिकाणावर यावं म्हणून एक न फोडलेली प्रत फोडली. सुई ठेवली आणि धप्प. रबर होतं, कडाप्पा होता, फोम होता. शेजारचं घर कुलूपबंद होतं, निखिल गावी गेला आहे. सुई उचलली तरी धप्प. प्लेयरची वायर काढली. धप्प. आणि त्याबरोबर माझ्या उजव्या मनगटावर असा फटका बसला की मी ओरडलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मनगट सुजलं आहे. त्यावर बारीक, वळलेले काप आहेत, बांगडी फुटून रुतावी तसे. दोन हिरव्या काचा चिमट्याने काढल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पोलिसांकडे जायचं ठरवलं होतं. हवालदाराला फोन करून म्हटलं, मला काही सांगायचं आहे, सुरुवातीला मी ऐकलं होतं. तो म्हणाला, या दुपारी.

बूट घालत होतो तेवढ्यात निखिल आला. गावाहून परतला होता, डोकं भादरलेलं. खोलीत जाऊन बसला. शांतपणे म्हणाला, सगुणाबाई काहीबाही बोलत फिरते, तुमी लक्ष देऊ नका. बोलता बोलता त्याने कपाटातून एक रेकॉर्ड काढली, प्लॅस्टिक नखाने फाडलं आणि ती गुडघ्यावर ठेवून मोडली. कडकन. मग दुसरी घेतली. म्हणाला, तुमी काहीच ऐकलं नाही ना? मग बाकीच्या राहतील की नीट. तिसरीवर त्याने नुसता हात ठेवला.

मी म्हटलं, नाही ऐकलं.

तो गेल्यावर मी तुकडे गोळा केले. पोलीस ठाण्यात गेलो नाही. चारशे रेकॉर्डी आहेत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बूट काढले.

लगेच बरगड्यांवर फटका बसला. उभा होतो तो कोसळलो. मग कमरेवर, लाथ मारल्यासारखा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. श्वास घेतला की डावीकडे काहीतरी आतल्या आत घासतं. दुपारपासून सुरू आहे. पाठ. खांदा. पुन्हा पाठ. पट्ट्याच्या बक्कलचा ठसा उमटला आहे, आरशात स्पष्ट दिसतो. मी पट्टा वापरत नाही.

आणि आता कळलं. हे नवे मार नाहीत. फोम लावल्यापासून ती गेली तोपर्यंत भिंतीपलीकडे जे जे झालं, ते इकडे पोचायचं राहिलं होतं. मी अडवलं होतं. आता पोचतंय, झालं त्याच क्रमाने.

म्हणजे शेवटी तो येणार. नळावरचा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उजवा हात गेला. मनगट मोडलं. डाव्या हाताने लिहितो आहे.

सकाळी कपाटातून आवाज आले, कड कड कड. न फोडलेल्या प्रती प्लॅस्टिकच्या आत आपोआप तुटत होत्या. मी बघत बसलो. एकीलाही हात लावला नाही. काही वाटलं नाही — नाही, वाटलं. या चार तुकड्यांसाठी मी गप्प बसलो, याची शिसारी आली.

ठाण्यात जायचंच. दार उघडलं. गुडघ्यावर —

रांगत आत आलो. मोबाइल खिशातच फुटलाय, त्याच फटक्याने. चालू होत नाही. ओरडलो. सातव्या मजल्यावर ओरडून कोण ऐकणार? निखिलच्या घरात टीव्ही चालू होता. त्याने तो मोठा केला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जबडा. दात ओंजळीत आले. आता बोलता येत नाही. बोलायचं होतं तेव्हा —

ताई शनिवारी येते. आजही येईल, डबा घेऊन. दाराला कडी लावलेली नाही. ती येईल. लिहून झालं की वही दारातच ठेवतो, तिच्या पायाशी येईल अशी.

ताई, आत येऊ नकोस. वही उचल आणि पोलिसांकडे जा. बाकी काही बघू नकोस.

जबाब लिहितो. माझा.

मी ऋषी. सोनमच्या शेजारी राहतो. ऑक्टोबरभर दुपारी तिच्या घरातून मारल्याचे आवाज मला —

बोट. करंगळी. लिहितो.

— मला ऐकू येत होते. ती भिंतीवर हात मारून मला बोलवत होती. हे तिने मला दारात येऊन विचारलं होतं. मी फोम लावला. पोलिसांना मी अर्धंच खरं सांगितलं. बाराव्या तारखेला निखिलने येऊन धमकी दिली. मी रेकॉर्डीसाठी गप्प बसलो. सगुणाबाईला विचारा. तिने मार बघितला आहे. ती घाबरेल. तिला सांभाळा —

पोटात. दोनदा. रक्त वहीवर पडलं, पुसलं.

आता कळतंय कुठवर आलो. मला ओढत नेतंय काहीतरी. केसांना धरून. बाथरूमकडे. वही सोडणार नाही. फरशीवर घासत —

लिफ्टचा आवाज. ताईच असेल. ताई थांब. आधी हे.

ती घसरली नाही. निखिलने तिला केसांना धरून नळापाशी नेलं. मला आता माहीत आहे कारण माझं डोकं आत्ता त्याच न दिसणाऱ्या हातात तसंच — मागे खेचलंय — नळ दिसत नाही, मागे आहे — ताई, ती घसरली नाही, निखिलनेच तिचं डोकं