बाजूला काढलेली मूठ

चेन्नई
२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय आई,

प्रभूच्या नावाने तुला सलाम. माझ्या हातून प्रभूचं नाव लिहिलेलं बघून दचकू नकोस, पुढे सांगतो.

मी बरा आहे. तुम्हीही बरे असाल. डुकरीण व्याली का? रिनी, धाकटे, तूच वाचतेयस ना? मग जरा दमाने वाच. तुझं वाचणं म्हणजे उताराला लागलेली जीप. आईला चुलीत लाकूड सारायला वेळ दे. आणि चुलीपलीकडे कोणी पाठ करून कोयता घासत बसलं असेल, तर त्यांना ऐकू जाईल असं वाच. नको असेल तर उठून जातील. पण मला वाटतं, घासायचं थांबवतील.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवरचं आपलं बोलणं तुला ठाऊक आहे. जेवलास का? जेवलो. थंडी आहे का? आहे. मग तू फोन रिनीला देतेस आणि रिनी माझ्याकडे नवा फोन मागते.

काम चालू आहे. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, पिळायच्या, इस्त्रीला द्यायच्या. सध्या इथे पाऊस, त्यामुळे काही वाळत नाही, वाफेत आम्हीच उकडतो. मी ह्या कामावर टिकलो म्हणून तू खूश आहेस, पण खरं सांगू, टिकलोय तो खोलीतल्या दोघांमुळे. एक हरेन, आसामचा, अंगाने रेडा आणि मनाने कोकरू, पण आधी रेडा दिसतो. दुसरा दुखीश्याम, ओडिशाचा, इस्त्रीवर असतो. बोलतो कमी, पण बोलला की समोरचा गप्प.

तर झालं असं. भात टाकायची पाळी माझी असली की मी दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात एक मूठ टाकायचो. का, ते मला विचारू नकोस. ठरवून नाही केलं. हातच जायचा. लहानपणापासून तुझ्या शेजारी बसून तेच बघितलं. डबा भरत आला तरी त्याचं काय करायचं हे डोक्यात आलं नाही. आपल्याकडे बायका दारोदार येऊन तांदूळ गोळा करतात. इथे कोण येणार?

हरेन झाडत होता, त्याला माझ्या खाटेखाली डबा सापडला.

"अरे वा!" तो म्हणाला. "मी रात्री पोटावर हात ठेवून झोपतो आणि हा रोकिमा खाली कोठार भरतो! तांदूळ तिघांचा आहे रे, चोरा!"

मी म्हटलं, "चोरी नाही. आमच्याकडे शिजवायच्या आधी एक मूठ मंडळीसाठी, म्हणजे गावच्या चर्चसाठी, बाजूला काढतात. प्रत्येक घरात. गरीब असो, काही असो."

"मग इथली मंडळी कुठाय?"

"नाही."

"तू चर्चला तरी जातोस का?"

"नाही."

त्यावर हरेन खाली बसला आणि हसतच सुटला. "बघ रे दुखी! देवाच्या दारात पाय ठेवत नाही, पण देवाचा नैवेद्य आमच्या पातेल्यातून काढतो!"

मी चिडलो. म्हटलं, घ्या तुमचा तांदूळ, आणि डबा पोत्यात उलटा करायला निघालो. तेव्हा दुखीश्यामने माझं मनगट धरलं.

"देवासाठी काढलंस ना? मग आता ते परत आपलं कसं होईल? कोणाला द्यायचं ते सांग."

आई, मला घरच ऐकू आलं. मुठीतला तांदूळ काढणाऱ्याचा नसतो, असं आपल्याकडे एक माणूस म्हणायचं. रविवारी पोती पाठीवर घेऊन चढ चढायचं आणि मी म्हटलं की फार जड असतील, तर म्हणायचं, गावाच्या मुठी आहेत, जड कशा असतील.

आमच्या कामावर चादरींच्या घड्या घालणारी पूंगोडी अम्मा वाफेने हात भाजून घरी बसली होती. आम्ही तिघे डबा घेऊन गेलो. ती दारातच उभी राहिली, आत घेईना. "कोणी पाठवलं?" म्हणाली. फुकटचं घ्यायची नाही ती. मी पाठवलं म्हणावं तर खोटं, मंडळीने म्हणावं तर कुठली मंडळी? माझ्या तोंडून निघालं, "माझ्या वडिलांनी."

तिने डबा घेतला. म्हणाली, "वडिलांना सांग, पोचला."

म्हणून सांगतो. बाबा, पोचला.

आता आमच्याकडे तिघांचीही मूठ पडते. हरेनची मूठ म्हणजे वाटीभर, त्यावरून रोज भांडण. "एवढा काढलास तर आम्ही काय वाफ खायची?" असं दुखीश्याम म्हणतो, तर हा म्हणतो, "देव मला लहान हात द्यायला विसरला, त्याला विचार." अम्मा परवा कामावर आली. तिने डबा घासून, आत लिंबाचं लोणचं घालून परत केला.

अम्माला डबा दिला, त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला गेलो. इथे आपली मिझो माणसं एका शाळेच्या खोलीत जमतात. मी दाराशी, चपलांजवळ बसलो. ढोल वाजवणारा पोरगा तापाने आजारी होता, गाणं नुसतंच हवेत लोंबकळत होतं. इथल्या मंडळीचे पंच व्हानसांगा काका, त्यांनी विचारलं, कोणी वाजवतं का? कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. आई, माझी बोटं मांडीवर आधीच चालू होती. पण मी उठलो नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या गावच्या मंडळीने मला थांबवलंय, प्रभुभोजन नाही, ढोल नाही. मयताच्या घरी जागरणाला मी पिऊन बसलो होतो."

काका म्हणाले, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

"अरे, सहा महिन्यांत परत घेतात! तू गेला नाहीस?"

"मला थांबवायला पहिला हात माझ्या वडिलांचा वर झाला होता," मी म्हटलं. "पिणारे आम्ही पाच होतो. नाव माझंच निघालं, आणि तेही घरातून."

काका काही उपदेश करतील म्हणून मी तयारीत होतो. ते नुसतं म्हणाले, "जिथे बसवलं तिथूनच उठावं लागतं, बाळा. मी इथून तुला उठवू शकत नाही." मग मला चहा दिला, आणि वर म्हणाले, "मांडीवर वाजवायला मात्र बंदी नाही." तेव्हापासून दर रविवारी मांडीवर वाजवतो.

रिनी, आता पुढचं वाच, आणि आई, तिला ओरडू नकोस. तिने मला मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं. मी गेल्यापासून बाबा पंच असूनही चर्चमध्ये पंचांच्या बाकावर बसत नाहीत. शेवटच्या बाकावर बसतात. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर आलं की न घेता शेजाऱ्याकडे सरकवतात. कोणी विचारलं की म्हणतात, "माझं अर्धं घर बाहेर आहे, मी एकटा कसा जेवू?"

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी इकडे दोन वर्षं तो वर झालेला हात बघत होतो. ताट सरकवणारा हात मला दिसलाच नाही.

बाबा, मला अजून राग आहे. खोटं कशाला सांगू? बाकीच्या चौघांची नावं तुम्ही का नाही विचारलीत, हे मी भेटल्यावर विचारणार आहे. तुम्हीही मला काय ते विचारा. पण ते आपण चुलीजवळ बसून बोलू. ताट सरकवून नको.

मी नाताळला येतोय. सुट्टी मिळाली आहे. नाताळाच्या आधीच्या रविवारी मंडळीसमोर उभा राहीन. माफी मागायची ती मागेन. मला परत घ्यायचं की नाही ते मंडळी ठरवेल, तेव्हा पुन्हा हात वर होतील. तुमचा व्हावा की नाही, ते मी सांगणार नाही.

आई, हरेनने तुझ्यासाठी आसामच्या चहाची पुडी दिली आहे. तुझ्याशी त्याचं नातं लागतं म्हणे, आम्ही एकाच पोत्यातला तांदूळ खातो म्हणून. आणि एक काम. मी गेल्यापासून तू पातेल्यात माझ्यापुरता तांदूळ कमी टाकत असशील. मी येईन त्या संध्याकाळी मंडळीची मूठ नेहमीसारखी आधी बाजूला काढ. मग पातेल्यात एक मूठ जास्त पडू दे. ती तू टाकू नकोस. शेजारी जो बसला असेल, त्याला टाकायला सांग. त्याचा हात मोठा आहे, मला पुरेल.

तुमचा दोघांचा,
अजून दाराशी, चपलांजवळ बसलेला
रोकिमा