माझ्या रजेमुळे नव्हे

नांदेड, १२ एप्रिल १९८३

ती. अव्वास मन्मथचा शरणार्थ.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवतो. टँकर रोज येतो का? घागर तू उचलू नकोस, शेजारच्या शिवम्माला सांग.

दुष्काळात बियाणं खपेना, म्हणून खर्च कमी करायला आमच्या कंपनीनं अकरा माणसं काढली. त्यात मी आहे. अप्पा गेल्यावर त्यांच्या दिवसांसाठी, शिवगणाराधनेसाठी, तू मला रजा वाढवून थांबवलंस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. कधीच रजा न घेणाऱ्या भुजंगरावांनाही काढलं.

साहेबांना विचारलं, "माझं चुकलं काय?"

"काहीच न्हाई, मन्मथराव. लई चांगलं काम हाय तुमचं. यादी मुंबईहून आली."

लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत अर्ज करतोय. त्यात आधीची नोकरी का सुटली ते लिहायचं आहे. 'काढलं' असं लिहिलं तर माझंच काही चुकलं असं वाटेल. अप्पा असते तर त्यांना विचारलं असतं. दोन दिवस तेवढी एक ओळ कोरी आहे.

तुझा मुलगा,
मन्मथ