दीडशे वर्षांचं कपाट

३ मार्च
ठरलं. या घराला कॅरेक्टर द्यायचं. सध्या घरात कॅरेक्टर नाही, नुसती माणसं आहेत. बायको म्हणाली, माणसं पुरेत. तिच्या लेखी व्हिंटेज म्हणजे भंगार. समजावत बसणार नाही.

५ मार्च
सोफा काढला. त्या जागी कोर्टातला जुना बाक. पाठ एकदम काटकोनात. बायकोनं विचारलं, आपल्यावर खटला कसला आहे? सासरे आमच्याकडेच असतात. निवृत्त सुतार; गुडघे गेलेत, जीभ शाबूत. बाकाखाली वाकून म्हणाले, वाळवी लागलीय. म्हटलं, त्याला अँटिक टेक्स्चर म्हणतात. खोड काढायची असली की गुडघे बरे वाकतात!

९ मार्च
ट्यूबलाइट काढून पिवळे मंद बल्ब लावले. सासरे पेपर वाचायला जिन्यात जाऊन बसतात. मुद्दाम. शेजाऱ्यांनी बघावं म्हणून.

१४ मार्च
मोठा दिवस! जुन्या सामानवाल्याकडून काचेच्या दारांचं कपाट आणलं. दीडशे वर्षांचं, कुणा सरदाराच्या ग्रंथालयातलं. एका नजरेत ओळखलं. सासऱ्यांची कॉट गॅलरीत हलवून तिथं ठेवलं. मोकळी हवा गुडघ्यांना चांगली.

१५ मार्च
सासऱ्यांनी कपाटावरून हात फिरवला, दार दोनदा उघडलं, मिटलं आणि म्हणाले, जावईबापू, हे मी केलंय. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, पस्तीस वर्षांपूर्वी. डावं दार तेव्हाही कुरकुरायचं. बायको ठसका लागेपर्यंत हसली. बापलेकीचा कट आहे हा. वर सासरे म्हणे, खालचा खण उलटा करून बघा, पेन्सिलीनं लिहिलंय. म्हटलं, ज्याला नजर आहे त्याला पुरावा लागत नाही.

१६ मार्च, सकाळी ६
सगळे झोपेत असताना बघितलं. खणाच्या तळाला मापं. खाली लिहिलंय, आज मुलगी झाली, काम अर्धं टाकून दवाखान्यात जातोय. तारीख बायकोच्या जन्माची.
पेन्सिलीनं कुणीही काहीही लिहील.

६.४०
सँडपेपर मारला, उरलेला बेसिनखाली सरकवला. जुन्या लाकडाची निगा राखावीच लागते.

१७ मार्च
सासऱ्यांनी बायकोला हाताला धरून कपाटापाशी नेलं. काय लिहिलंय ते तिला कधी सांगितलंच नव्हतं म्हणे. खण उलटा केला. कोरा, पांढराफटक. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, अंगठ्यानं लाकूड चाचपत राहिले. मी म्हटलं, दमटपणा. बायकोनं बेसिनखालून सँडपेपर आणून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, काय लिहिलं होतं?
मी शब्दन्‌शब्द सांगितलं. चूक झाली ती तिथं.

१९ मार्च
दोघं मेहुणीकडे गेली. कॉटही नेली. बरं झालं. गॅलरी मोकळी, घर मोठं दिसतं. लुक आत्ता कुठं जमला.

२२ मार्च
बाकावर दहा मिनिटं बसलो. कंबर धरली. सामानवाल्याला फोन करून म्हटलं, कपाट परत घेता का? म्हणाला, शाळेचा माल परत घेत नाही.
मी शाळेचं नावही काढलं नव्हतं.

२६ मार्च
मेहुणीकडे गेलो. तिनं दार उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बायको स्वयंपाकघरात होती. माझा आवाज ऐकून तिनं मिक्सर लावला. सासरे खाली बसून एक मोडकं स्टूल दुरुस्त करत होते. लाकडाच्या निगेवर मी दोन वाक्यं तयार करून नेली होती. तशीच परत आणली.
सासरे मान वर न करता म्हणाले, पाय धरा.
वाकलो. हात पुढे केले.
म्हणाले, माझे नाही, स्टुलाचा.
धरला. मिक्सर बंद झाला तरी बाहेर कुणी आलं नाही. तासभर धरून बसलो. मध्ये एकदाच बोलले. हलवू नका म्हणाले.