पांढरीच्या त्या फेरीबद्दल

स्मृति नगर, भिलाई
सोमवार, सकाळ

प्रिय सुगत,

अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. हे पत्र तुझी लेक प्रांजली शाळेतून दमून आल्यावर तुला वाचून दाखवणार. पोरींच्या वह्या तपासून आलेल्या बाईला माझं गिचमिड नको. हाताशी फोन असताना हेमराजला कागद कुठून सुचला, असं तुला वाटत असेल. सांगतो, पण आधी इकडचं ऐक. नऊ आठवड्यांचं साचलं आहे.

परवा सेक्टर ६ वरून सायकलने गेलो. तुझ्या क्वार्टरमध्ये नवीन लोक आलेत. त्यांनी तुझा पेरू ठेवला आहे आणि त्याला झोका बांधला आहे. मी थोडा वेळ उभा राहिलो. आतल्या बाईने "किससे काम है?" विचारल्यावर निघालो. माझी वंदना गेल्यापासून मी तिकडे फारसा जात नाही. त्या ब्लॉकच्या चार दारांपैकी कोणत्याच दारावर आता ओळखीचं कुणी नाही.

टीव्हीवरची कालची घोड्यांच्या उड्यांची ग्रां प्री मात्र बघण्यासारखी झाली. एक मीटर साठचे अडथळे, चाळीस घोडे, आणि पहिली फेरी बिनचूक फक्त सहांची. आठव्या अडथळ्याकडून तीन सलग उड्यांच्या तिहेरीकडे जाताना वळण इतकं तोकडं होतं की सहा ढांगा घ्यायच्या की सात, यावरच निकाल लागत होता. सहा घेणाऱ्यांची दांडी पडत होती, सात घेणारे वेळेत बसत नव्हते. एका बेल्जियन पोरीच्या बदामी घोड्याने तिहेरीतल्या शेवटच्या उडीला दांडीला खूर लावला. दांडी तिच्या टेकूच्या कपात थरथरली आणि राहिली. मी खुर्चीतून उठून "राहिली बे!" असं ओरडलो. मग लक्षात आलं, घरात कुणीच नाही. टीव्हीचा आवाज कमी करून खाली बसलो.

चौकातल्या चहावाल्याला सांगायला गेलो, तर तो डोळा मिचकावून म्हणाला, "रेस? कितना लगाया अंकल?" त्याला समजावलं की हे धावणं नाही, उडी आहे, पैसे लावत नाहीत, दांडी पडली की चार फॉल्ट. तो म्हणाला, "तो फिर देखते क्यों हो?" वंदनाही तेच म्हणायची. "जिंदगीत टांग्यात बसले नाही दोघं, अन् चालले घोडे पाहाले!" पण दोन चहा तीच आणून द्यायची.

तुझ्या डोळ्यांचा पडदा साखरेने खाल्ला आणि तू नागपूरला प्रांजलीकडे गेलास, तेव्हा मला वाटलं हा नाद संपला. पहिल्याच रविवारी संध्याकाळी पाचला तुझा फोन आला. "टीव्ही लावला का? मंग सांग ना बे. पयले कान सांग. कान पुढं हायेत का मांगं?" मी अडखळत सांगायला लागलो आणि तू मला झापलंस. प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्या दिवशी झापलं होतंस तसंच. लॉगबुकमध्ये आधीच्या तासाचा आकडा पाहून मी पुढचा अंदाजाने भरला होता, आणि तू पूर्ण पान खोडून मला परत पॅनेलपुढे उभं केलं होतंस. "काटा पाय, मंग लिव. तुया मनातलं नोको लिवू. पुढच्या शिफ्टवाला तुया भरवशावर बसते." दोन वर्षं मी तुला तसंच सांगत आलो. कोणत्या अडथळ्यावर किती ढांगा, कुठे लगाम ओढला, कुठे घोडा नको म्हणाला, सगळं. पांढरी रिंगणात आली की तू बोलायचा थांबायचास. सतरा वर्षांची घोडी, तिचं खरं नाव आपल्या जिभेवर कधी बसलं नाही. तिची फेरी मी सांगत असताना फोनवर फक्त तुझा श्वास ऐकू यायचा.

मग जूनमधला तो रविवार. दुसऱ्या दिवशी तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पांढरी जम्प-ऑफमध्ये, बिनचूक गेलेल्यांच्या त्या घड्याळाशी लावलेल्या शेवटच्या फेरीत आली होती, सगळ्यांत शेवटी. घंटा वाजायच्या आधी तू हसत म्हणालास, "हेम्या, हे बिनचूक गेली ना, तं माया डोया बी जमते पाय." मी म्हटलं, गप बस. तू मात्र पुन्हा हसला नाहीस.

ऑपरेशननंतर प्रांजलीचा फोन आला. उजेड आणि अंधार कळतो, त्यापलीकडे नाही, असं डॉक्टर म्हणाले. मागून तुझा आवाज आला, "हेम्याले सांग, पांढरीनं तं आपलं काम केलं." त्यानंतरच्या रविवारी मी तुला सांगितलं की नेट बंद आहे. पुढच्या रविवारीही तेच. तू विचारलंस, "कावून बे, तुयं नेट रविवारीच मरते का?" नेट एकदाही बंद नव्हतं. कालची धरून नऊही स्पर्धा मी पाहिल्या, एकट्याने, आणि प्रत्येक घोड्याच्या ढांगा मोठ्याने मोजल्या. सवय जात नाही. फोन समोरच असायचा.

प्रांजली, इथे थांबू नकोस बेटा, पुढे वाच. सुगत, त्या दिवशी मी तुला सांगितलं की पांढरी बिनचूक गेली आणि जिंकली. ती जिंकली नाही. पहिले पाच अडथळे जसे सांगितले तसेच झाले, तिथपर्यंत माझा शब्द खरा आहे. सहाव्याकडे तिने आठ ढांगांऐवजी सात घेतल्या, कारण वेळ वाचवायचा होता, आणि शेवटच्या ऑक्सरला, त्या पुढे-मागे दोन दांड्यांच्या अडथळ्याला, ती लांबून उडाली. मागची दांडी पुढच्या पायाने नाही, मागच्या खुराने पडली. चार फॉल्ट, सहावा नंबर. मी ते पाहत होतो आणि तोंडाने तुला दुसरंच सांगत होतो. तू आनंदाने ओरडलास, तेव्हा मला परत फिरता आलं नाही. कुणी तुला हे कधीच सांगितलं नसतं. तुझ्या घरात हा खेळ कुणी पाहत नाही. पण तुझ्या वतीने बघायला फक्त मी होतो आणि मीच खोटं सांगितलं. फोनवर हे माझ्याच्याने निघालं नसतं, म्हणून कागद. पुढच्या रविवारी पाच वाजता पांढरी पुन्हा उतरते आहे, यादीत तिचं नाव मी दोनदा वाचलं. मी टीव्ही लावून बसेन. फोन मी करणार नाही, तो हक्क आता माझा नाही. तुझा आला तर जे दिसेल तेच सांगेन, दांडी पडली तरी.

तुझाच,
हेमराज